कात्रीवाल्याचा चेहरा

३ जून, सकाळी ७
आजपासून सिगारेट बंद, संताप बंद. कॉमिकमधला नवा व्हिलन सुरू : कात्रीवाला. वेडा आहे, म्हणून कापतो. एवढं कारण वाचकाला पुरतं. पहिल्याच पानावर तीन गळे. रक्त झकास जमलंय.

५ जून
चेहरा जमेना. दादाचाच घेतला. त्याला स्किझोफ्रेनिया, म्हणजे रिसर्च घरातच! दोन तास त्याला न्याहाळलं. गोळी घेतली, भांडी घासली, रेडिओ ऐकला. घोर निराशा. शेवटी डोळे मीच वटारले, दात मीच वाढवले.

६ जून
पानं पाहून दादा म्हणाला, आजारात मी कुणाला बोटही लावलं नाही रे, स्वतःचंच डोकं भिंतीवर आपटलं. म्हटलं, भिंतीला कोण घाबरणार? बिचाऱ्याला आर्टमधलं कळत नाही. चिडलो मात्र नाही. स्टूल फेकलं, पण ते आधीच मोडकं होतं.

२० जून
अंक हातोहात खपला. चौदा खून! संपादक म्हणतात, वाचक कात्रीवाल्यावर फिदा आहेत, पुढच्या वेळी वीस करा. आईने बोलणं टाकलंय. काहींना दुसऱ्याचं यश पचत नाही.

२४ जून
दादा शिंप्याच्या दुकानात कटिंग मास्टर, बावीस वर्षं. गिऱ्हाइकांनी चेहरा ओळखला, म्हणून मालकाने त्याची कात्री काढून घेतली आणि बटणं लावायला बसवलं. काय हा अडाणीपणा! उद्या जाऊन शांतपणे समजावणार. मुद्दे लिहून काढलेत. पहिला : मनाचा आजार म्हणजे हिंसा नव्हे.

२५ जून, संध्याकाळी ६
पहिल्या मुद्द्यापर्यंत ठीक चाललं. मग मालक म्हणाला, चित्र तर तुम्हीच काढलंत. टेबलावरची कात्री माझ्या हातात कशी आली कळलं नाही. मालकाचा दंड कोपरापर्यंत फाटला. आरसा फुटला. रक्त पाहून मालक बेशुद्ध. दादाने मला मागून मिठी घातली, एकेक बोट सोडवून कात्री काढून घेतली.
तेवढ्यात लोक धावले. त्यांनी कात्री पाहिली, दादाचा चेहरा पाहिला आणि त्यालाच बदडलं. ओठ फाटला, दात पडला. एकजण मला पाठीशी घालून म्हणाला, घाबरू नका साहेब. मी केलं, असं मी एकदा म्हणालो. दुसऱ्यांदा मोठ्याने म्हणणार होतो.

२६ जून, पोलीस ठाणे
मालक इस्पितळात शुद्धीवर आला, खरं बोलला. काल पकडून आणलेल्या दादाला सोडलं, मला बसवलं. सुजलेल्या तोंडाने दादा माझ्यासाठी धुतलेला शर्ट घेऊन आला. वकिलाने युक्ती सुचवली. म्हणून डॉक्टरांना सांगितलं, माझ्या डोक्यात नक्की बिघाड आहे, भावालाही आहे.
त्यांनी तासभर तपासलं. लिहून दिलं : कोणताही आजार नाही.