सहावी धाव

कोल्हापूर, १२ जानेवारी २०२६

चि. यशराज यास संयोगिता आत्याचे अ. उ. आ., राग वेगळा.

काल, रविवार ११ जानेवारीला, दुपारी चार वाजून बावीस मिनिटांनी तू पंच म्हणून पाच बोटं दाखवलीस आणि भैरवीच्या, माझ्या नातीच्या आणि तुझ्या भाचीच्या, सहा धावांच्या पाच केल्यास. फोनवर तू हसून वेळ मारून नेतोस, म्हणून हे कागदावर.

शेवटचा चेंडू, जिंकायला सहा हव्या. तिने लांब मारला, पहिली धाव पूर्ण केली, दुसरीसाठी दोघी सुटल्या आणि मधोमध एकमेकींना ओलांडून गेल्या. त्यानंतर समोरच्या संघातल्या मुलीने चेंडू फेकला, तो यष्टिरक्षिकेला चुकवून सीमेपार. नियमांचं पुस्तक इंग्रजीत आहे आणि कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला इंग्रजी वाक्य पूर्णविरामापर्यंत वाचायची सवय लावली आहे. नियम म्हणतो, चेंडू हातातून सुटताना फलंदाजांनी एकमेकांना ओलांडलं असेल तर ती चालू धावही द्यायची, वर चौकाराच्या चार. दोन आणि चार किती होतात ते तुला मीच शिकवलं होतं.

बरोबरी झाली आणि पोरी सुपर ओव्हरमध्ये हरल्या. कप गेला तर गेला. पण कोचने सगळ्यांसमोर भैरवीला सुनावलं की ती म्हशीगत पळते, वेळेत ओलांडलं असतं तर सहा मिळाल्या असत्या. पुढच्या सोमवारी जिल्हा संघाची निवड आहे आणि तिचं नाव तो पाठवणार नाही म्हणतो. तुझी दृष्टी अधू झाली की नियम विसरलास, एवढं कळव.

लोभ तूर्त राखून ठेवला आहे.

तुझी आत्या

हातकणंगले, १४ जानेवारी

ती. आत्यास यशराजचा शि. सा. न. वि. वि.

सोबत तिळगूळ पाठवतोय, आजच्या दिवशी तरी राग आवर.

दृष्टी चांगली आहे. भैरवीने ओलांडलेलं मी पाहिलं. पण सकाळीच मैदानावर चहाच्या वेळी एकाने सगळ्यांदेखत विचारलं होतं की पावणं, भाची खेळायलीय म्हणं, तिला वानोळा काय आणलाय. सहा दिल्या असत्या तर मामाने भाचीला कप उचलून दिला, असं वर्षभर ऐकावं लागलं असतं. म्हणून पाच दिल्या. घरच्या माणसाने थोडं सोसायचं असतं, हे तूच सांगायचीस. आता चूक झाली म्हटलं तर मला पुन्हा सामने कोण देणार? तिला समजावून सांग. लहान आहे, पुढच्या वर्षी निवड होईल.

लोभ कमी करू नकोस.

तुझा यशराज

कोल्हापूर, १६ जानेवारी

चि. यशराज यास, आशीर्वाद पुढच्या पत्रात.

तिळगूळ खाल्ला, गोड बोलणं जमणार नाही. तुला दिसलं नसतं तर मी चष्मा करून देऊन गप्प बसले असते. तुला दिसलं. चहा पिणाऱ्या चार टाळक्यांच्या भीतीने तू पोरीची धाव कापलीस आणि वर त्याला सोसणं म्हणतोस. सोसतेय ती, तू नाहीस.

काल तिने मला विचारलं की ती खरंच हळू पळते का. मी नाही म्हटलं. त्यावर म्हणाली की आजी, तू लांब होतीस, मामा तर जवळच उभा होता. हे कसं समजावू, तेही लिही.

निकाल बदलायला नको, कप त्यांच्याकडेच राहू दे. कोचच्या नावाने सहीनिशी लिही की भैरवीने वेळेत ओलांडलं होतं आणि चूक पंचाची होती. सामने नाही मिळाले तर घरी बस. मामा म्हणून तिला काही देऊ नकोस. पंच म्हणून तिचं होतं तेवढं दे.

सोमवारी निवड आहे, म्हणून हे लेखी उत्तर रविवार, १८ जानेवारीला संध्याकाळी पाचच्या आत हवं. टपालाने नको. तूच घेऊन ये आणि माझ्या नाही, तिच्या हातात दे.

संयोगिता आत्या