मर्टल वळणार आहे

सोमवार, ५ सप्टेंबर. सकाळ.
वादळाला नाव मिळालं. मर्टल. सध्या क्यूबाच्या खाली आहे. किराणा दुकानाची खाकी पिशवी फाडून गॅरेजच्या भिंतीवर लावली. पिशवीवर वादळाचा नकाशा छापलेला असतो, दर मोसमात नवा. वादळ जिथे पोचेल तिथे त्यावर टाचण्या टोचायचं काम आमच्या गल्लीत माझ्याकडे आहे. कुणी दिलेलं नाही. असली कामं कुणी देत नसतं, अंगावर घ्यावी लागतात. मी गालिचे विकतो हे खरं, पण माझा पिंड हवामानाचा आहे.
संकल्प: या वेळी डोकं थंड ठेवायचं. कुणावरही हात उचलायचा नाही.

सोमवार. संध्याकाळ.
पलीकडचा हर्शेल कुंपणाशी आला. बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, त्यामुळे समुद्र आपल्याला कळतो असा त्याचा समज आहे. तरी विचारायला आला माझ्याकडेच. म्हणाला, की डेल्बर्ट, तुझं काय म्हणणं आहे ते सांग बाबा, तू बोलल्याशिवाय गल्लीत कुणाला काही ठरवता येत नाही. टीव्हीवाल्यांना असं कोण विचारतं? मी म्हटलं, टाचण्या अजून कमी आहेत, बुधवारी सांगेन.
मागे एकदा मी सांगितलं होतं, की वादळ थेट आपल्यावर येणार. गल्ली निवांत झोपली. माझ्या बोलण्याने लोकांना धीर येतो तो असा. वादळ आलं नाही. त्याच्या पुढच्या वेळी म्हटलं, की वळेल. ते वळणारच होतं, ऐन वेळी चुकलं. त्या वेळी सगळे आधीच निघून गेले होते म्हणून बरं.

मंगळवार, ६ सप्टेंबर.
खिडक्यांना ठोकायला प्लायवूड आणायला गेलो. दुकानात शेवटची शीट. मी एक टोक धरलं, दुसरं टोक एका बाईच्या हातात. मी सभ्यपणे ओढली. तिने कोपर माझ्या नाकावर हाणलं. शर्ट रक्ताने लाल. मी तिच्या पायावर पाय दिला, चुकून, दोनदा. मग तिचा भाऊ आला. शीट मधोमध मोडली आणि आम्ही दोघं रंगाच्या डब्यांवर जाऊन पडलो. माझ्या वाट्याला अर्धी आली. न्हाणीघराच्या खिडकीला पुरेल.
संकल्प मोडलेला नाही. पाय उचलला होता, हात नाही.
माझी बायको नडीन बर्फाने माझं नाक शेकत शेकत बोललीच. म्हणाली, की आपण उद्या किनाऱ्यापासून दूर, ओकालाला बहिणीकडे जाऊ, तुझी हौस पुरे झाली. मी नाही म्हटलं. मग तिने समोरच्या मिस ऑगस्टांचं काढलं. त्या एक्याऐंशीच्या आहेत, एकट्या आहेत, माझ्या आईची जिवाभावाची मैत्रीण. भाचा न्यायला येतोय, पण त्या म्हणतात, की डेल्बर्ट थांबला तर मीही थांबणार. नडीन म्हणाली, की म्हातारीला काही झालं तर ते तुझ्या डोक्यावर, आणि मी तुला आयुष्यभर ते विसरू देणार नाही.
मला उलट बरं वाटलं. कुणाच्या सावलीत उभं राहायचं हे त्या बाईला कळतं. मिस ऑगस्टांच्या केसालाही धक्का लागू देणार नाही. हा दुसरा संकल्प.

बुधवार, ७ सप्टेंबर. दुपार.
तीन टाचण्यांना पट्टी लावली. रेघ सरळ टेक्सासकडे जाते, आमच्यापासून लांब. गॅरेजसमोर सगळे जमले होते. मी जाहीर केलं: मर्टल वळणार आहे, कुणी जागचं हलायचं नाही.
हर्शेलने माझा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. म्हणाला, की फार उपकार झाले, आता मनात शंका उरली नाही. आणि थेट जाऊन ट्रकला बोट जोडायला लागला. तासाभरात अख्खी गल्ली गाड्या भरत होती. कुत्री, गाद्या, पोपट. मी ओरडून ओरडून सांगितलं, की वळणार आहे! एक बाई म्हणाली, की ऐकलंय हो, म्हणून तर निघालोय. लोकांचं लक्ष कुठे असतं कोण जाणे.
नडीनही निघाली. गाडीचं दार असं आपटलं की आरसा निखळून पडला. म्हणाली, की शेवटचं विचारते. मी म्हटलं, शुक्रवारी तूच हसत परत येशील. ती रडत होती. हवेचा दाब कमी झाला की काहींना असं होतं.

बुधवार. संध्याकाळ.
हर्शेलच्या माडाचं डोकं माझ्या छपरावर आहे. वादळात नारळ म्हणजे तोफेचा गोळा. नारळ उतरव म्हणून दोन वर्षं सांगतोय. आज पुन्हा सांगितलं तर म्हणतो, की वादळ वळणार आहे ना, मग तुला कशाची भीती? मी काठी घेतली आणि कुंपणावर चढून स्वतःच पाडायला लागलो. पहिला नारळ त्याच्या ट्रकच्या काचेतून आत गेला.
त्याने मला पाय धरून खाली ओढलं आणि एक ठेवून दिली. दात घशात घालणं म्हणजे काय ते आज कळलं. मी गिळला नाही, थुंकला. मग मी काठी चालवली. त्याचा कान फुटला. संकल्पाचं म्हणाल, तर हातात काठी होती, आणि मारलं ते काठीने.
मी गवतात पडलेलो असताना त्याला माझ्या अंगणातला पंप दिसला. स्विमिंग पूल रिकामा करायला लावला होता. कानावर फडकं दाबून तो म्हणाला, की अरे गाढवा, पूल कधी रिकामा करायचा असतो का? जमिनीत पाणी भरलं की अख्खा हौद होडीसारखा वर येईल. आम्ही सगळ्यांनी खुर्च्या-टेबलं पुलात बुडवून ठेवलीत, तसं तूही कर आणि पंप बंद कर. 
काँक्रीटचा हौद वर येतो म्हणे! तो काय बटाटा आहे? पुलात पावसाला जागा हवी, एवढा साधा हिशेब. पंप रात्रभर चालू ठेवणार.

गुरुवार, ८ सप्टेंबर.
सकाळपासून पाऊस, झोडपल्यासारखा. गल्लीत फक्त मी आणि मिस ऑगस्टा. पूल रिकामा, चकचकीत. पंप मस्त चाललाय.
त्यांच्याकडे गेलो. दाराशी बॅग भरून ठेवलेली, वर हॅट. मी म्हटलं, हे काय? म्हणाल्या, की कधी निघायचं ते तू सांग, मी तयार आहे. मी समजावलं, की निघायचंच नाही, मर्टल वळणार आहे. त्यांनी बाह्या वर सारल्या. मग फ्रीझरमधले सगळे मासे काढले आणि तळायला घेतले. वीज जाणार आहे, वाया कशाला घालवायचे, म्हणाल्या. मला पाच वाढले. दात नसल्यामुळे डाव्या बाजूने खाल्ले.
न्यायला आलेला भाचा बाहेर गाडी चालू ठेवूनच उभा होता. त्यांनी ओसरीवरून हाक मारून सांगितलं, की जा रे तू, हा काही येत नाही. त्याने मला जी शिवी दिली ती इथे लिहीत नाही. मग मावशीला मिठी मारून तो गेला. बॅग तशीच दाराशी.
मी त्यांना शब्द दिला, की वारा वाढला तर मी स्वतः येऊन तुम्हाला घेऊन जाईन.

शुक्रवार, ९ सप्टेंबर. सकाळ.
रेडिओ म्हणतो मर्टल आमच्याकडेच येते आहे. नवी टाचणी रेघेपासून जरा बाजूला पडली. पट्टी वाकडी असावी. वळायला अजून भरपूर वेळ आहे.
वीज गेली. पंप बंद. पूल जवळजवळ कोरडा. छान.

शुक्रवार. दुपार.
मिस ऑगस्टांना आणायला निघालो. दार उघडताच वाऱ्याने ते बिजागऱ्यांसकट उपटलं आणि माझ्या तोंडावर मारलं. म्हणून जरा थांबलो. विजेचे खांब काड्यांसारखे मोडताहेत. कुणाचं तरी अख्खं छप्पर रस्त्यातून घासत गेलं.
आणायला जाईनच. वारा एकदा दम घेऊ दे.

थोड्या वेळाने.
न्हाणीघर. टबमध्ये बसलोय, डोक्यावर गादी. घरात सर्वांत भक्कम जागा हीच, भिंतीपलीकडे पूल. हर्शेलचा नारळ माझ्या अर्ध्या प्लायवूडमधून आत आला, आरसा फोडला, दुसऱ्या भिंतीत रुतला. सांगितलं होतं. छप्पर उचकटतंय. हाडं मोडल्यासारखा आवाज. मी ओरडतोय. मर्टलला शिव्या देतोय. ऐकू येत नाही, मलाही.

पुन्हा.
जमीन हलते. खालून काहीतरी दणके देतंय. फरशी तडकली. काय आहे ते कळत नाही. भीती वाटते. हे खोडणार आहे नंतर.

शनिवार, १० सप्टेंबर. सकाळ. मिस ऑगस्टांचं घर.
जिवंत. वही प्लास्टिकच्या पिशवीत होती म्हणून कोरडी.
काल मी मिस ऑगस्टांना सुखरूप त्यांच्या घरी पोचवलं. झालं असं, की न्हाणीघराचं दार फुटलं आणि त्या आत आल्या. कमरेला दोर, दुसरं टोक त्यांच्या ओसरीच्या खांबाला. कपाळातून रक्त वाहत होतं. त्यांनी गादी फेकून दिली आणि माझी कॉलर धरली. वाऱ्यात आधार हवा असणार. मी टबाला धरून होतो, त्यांना नीट आधार देता यावा म्हणून. त्यांनी माझ्या बोटांवर बुटाची टाच मारली. मग आम्ही निघालो. रस्ताभर त्या मला खेचत होत्या, म्हणजे मी मागून सांभाळत होतो. एक पत्रा आमच्या डोक्यावरून गेला आणि माझ्या टपालपेटीचं मुंडकं उडवून गेला.
त्यांच्या ओसरीवरून मागे पाहिलं. माझा पूल जमिनीतून वर आला. संपूर्ण. आजूबाजूची फरशी उचलत, चिखल ओकत, एका कुशीवर कलला आणि न्हाणीघराच्या भिंतीवर बसला. भिंत टबात पडली. मी दोन मिनिटांपूर्वी ज्यात होतो त्या टबात.
काँक्रीटच्या दर्जाबद्दल तक्रार करणार आहे.

सोमवार, १२ सप्टेंबर. निवारा, शाळेची व्यायामशाळा.
काल बोटीतून लोक आले. बोटवाल्याने मिस ऑगस्टांना विचारलं, की आजी, तुम्ही का नाही गेलात हो? वेळेवर सांगितलं होतं ना सगळ्यांना? त्या म्हणाल्या, की गेले असते, बॅग भरली होती. पण हा हटून बसला होता, आणि याच्या आईला काय तोंड दाखवलं असतं मी वर गेल्यावर?
मी ऐकलं. दोनदा वही उघडली आणि मिटली. त्यांच्या कपाळाला नऊ टाके पडलेत. धक्का बसला की म्हातारी माणसं काहीही बोलतात, असं लिहायला बसलो होतो. लिहवलं नाही.

बुधवार, १४ सप्टेंबर.
गल्लीत अजून पाणी आहे, म्हणून परतलेले सगळे इथेच. हर्शेलही, कानाला पट्टी. त्याच्या घराची एक खिडकी सोडली तर काही गेलं नाही. मी तोंड फिरवलं. तो शेजारच्या खाटेवर येऊन बसला. माझ्या पुलाबद्दल एक शब्द बोलला नाही, तेच जास्त लागलं. मी म्हटलं, दात पाठवून दे सापडला तर. तो हसला. मग मीही हसलो, तोंड झाकून.

गुरुवार, १५ सप्टेंबर. सकाळ.
समुद्रात नवं वादळ. नाव अजून नाही. रेडिओवाले म्हणतात, अजून काही सांगता येत नाही.
मी नाश्त्याच्या रांगेत होतो. हर्शेल आला, त्याच्यामागे आमची जवळजवळ अख्खी गल्ली.  हर्शेल अगदी अदबीने म्हणाला, की डेल्बर्ट, तुझं काय म्हणणं आहे?
माझा ऊर भरून आला. एवढं सगळं होऊनही. घर गेलं, पूल गेला, दात गेला, पण भिस्त माझ्यावरच. कागदी रुमालावर नकाशा काढला. नीट विचार केला, या वेळी खरंच केला. आणि सांगितलं: घाबरू नका. हे वळणार.
हर्शेलने माझा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. पुढच्या क्षणी लोक खाटा दुमडायला लागले. ब्लँकेटं, पिशव्या, पोपट. गल्लीबाहेरची माणसंही विचारत होती, की काय झालं, आणि कुणीतरी सांगत होतं, की तो तिकडे उभा आहे ना, दात पडलेला, तो म्हणतो वळणार.
मी रुमाल हातात धरून उभा राहिलो. मागच्या सगळ्या वेळा एकेक करून आठवल्या.
मिस ऑगस्टा खाटेवर बसून माझ्याकडे पाहत होत्या. बॅग भरलेली, हॅट मांडीवर. हललेल्या नव्हत्या. म्हणाल्या, की कधी निघायचं ते तू सांग.
फाटकाशी नडीनची गाडी उभी होती, एका आरशाची.
मी म्हटलं, आत्ता. आणि त्यांची बॅग उचलली.