चौकाच्या प्रतिकृतीत आमचं दुकान

ती. स्व. मामांच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घ्यावा.) तुमचा रक्तदाब, मामींचे गुडघे आणि वरच्या मजल्यावरचा व्हायोलिन शिकणारा भाडेकरू, तिन्ही आता शांत असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुमची भाचेसून तर फारच ठीक आहे. त्याचं कारण पुढे येईलच.

पत्राला उशीर झाला याचा दोष नगरपालिकेचा. तुम्ही मागे आलात तेव्हा बसथांब्यामागे नुसतं गवत होतं. तिथे आता इमारतींची रांग उभी आहे. त्यातली माणसं बूट घरबसल्या मागवतात आणि अंगठा दुखायला लागला की ते सैल करायला माझ्याकडे घेऊन येतात. एवढी वस्ती वाढल्यावर शहराला एक मध्य हवा, असं नगरपालिकेच्या मनाने घेतलं. (इतकी वर्षं आम्ही मध्याशिवाय कसे जगलो कोण जाणे!) मग ठरलं, की बाजारातला रस्ता फक्त चालणाऱ्यांसाठी ठेवायचा, चौकात कारंजं, कारंज्याभोवती बाक, आणि बाकांवर बसणाऱ्यांची सोय म्हणून एक सार्वजनिक स्वच्छतागृह. लोकांना बघता यावी म्हणून या सगळ्याची पुठ्ठ्याची सुंदर प्रतिकृती नगरपालिकेच्या दालनात मांडली. मीही हौसेने बघायला गेलो. कारंजं बघितलं, कापसाची झाडं बघितली आणि मग आपलं दुकान शोधायला लागलो, तर दुकानाच्या जागी स्वच्छतागृह!

मामा, खरं सांगतो, त्या दिवशी जेवणाचा डबा मी न उघडताच घरी परत नेला. दुकान बाबांनी उभं केलेलं, मी त्याच गल्ल्यामागे मोठा झालो, आणि मला दुसरं काही येत नाही. बायकांच्या सँडलचं माप मी लांबून सांगतो, पण या वयात त्या विद्येवर मला कोण नोकरी देणार? नगररचनेच्या बाईंना भेटलो. बाई स्वभावाने चांगल्या. त्यांनी पाणी दिलं आणि सुनावणीला या म्हणाल्या. सुनावणीत माझ्या आधी एका निवृत्त मास्तरांचा नंबर लागला. कारंज्याचं पाणी वाऱ्याने कोणत्या दिशेला उडेल यावर ते इतकं बोलले, की माझी वेळ आली तोवर अध्यक्षांसकट सगळे चहाला निघून गेले होते. माझं भाषण मी खुर्च्यांपुढे केलं. चांगलं झालं.

घरी येऊन तोंड पाडून बसलो. भाचेसूनबाई म्हणाल्या, "नगरसेवक कागद वाचत नाहीत आणि भाषण ऐकत नाहीत. ते फक्त प्रतिकृती बघणार. मग दुकान प्रतिकृतीतच असायला हवं." एवढं बोलून तिने लहान मुलांच्या बुटांचा एक खोका घेतला, खिडक्या कापल्या, दाराला लाल रंग दिला. खोका तिला फार मोठा वाटत होता. मी म्हटलं, याच्याहून लहान पायाचा बूट आपण ठेवतच नाही. जेवणाच्या सुट्टीत आम्ही पुठ्ठा आणि गोंद घेऊन दालनात शिरलो. शिपायाने आम्हाला प्रतिकृतीवालेच समजून पंखा लावून दिला. (त्या पंख्याने दोन झाडं उडाली. एक मी परत चिकटवलं, दुसरं हिच्या केसांत घरी आलं.) स्वच्छतागृह अलगद उचललं आणि तिथे दुकान बसवलं. मग लांब उभं राहून बघितलं, तर आमचं दुकान नगरपालिकेच्या इमारतीहून उंच! काढणार तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली, आणि आम्ही पळालो.

संध्याकाळच्या सभेला मी मागच्या बाकावर अंग चोरून बसलो होतो. अध्यक्ष खोक्यापाशी थांबले. हे काय, म्हणून त्यांनी बाईंकडे बघितलं, बाईंनी ठेकेदाराकडे, आणि ठेकेदाराने छताकडे. आपल्याला माहीत नाही असं म्हणण्याची तिथे कोणालाच सवय नव्हती. शेवटी ठेकेदार म्हणाला, "व्यापारी संकुल आहे साहेब, दुसरा टप्पा." अध्यक्ष खूश झाले, म्हणाले, चौकाला जरा वजन आलं. प्रतिकृतीत दाखवल्याप्रमाणे आराखडा एकमताने मंजूर! दुसऱ्या दिवशी बाईंनी खोका जवळून बघितला. त्याच्या बाजूला 'मुलांचे, काळे, नाडीचे' असं छापलेलं होतं. पण आता बोलावं, तर अख्ख्या सभेने बुटांचा खोका मंजूर केला असं होतं. म्हणून सगळे मूग गिळून बसले आहेत. संकुल झालं तरी त्याचा खालचा मजला दुकानासाठी आमच्याकडेच राहणार. मामा, त्या रात्री मी किती दिवसांनी पोटभर जेवलो! हिने चौकाच्या बाजूच्या खिडकीला पडदेही निवडले आहेत.

मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. उचललेलं स्वच्छतागृह खिशात घालून आणणं बरं दिसलं नसतं, सरकारी वस्तू. घाईत ते जवळच्या एका मोकळ्या हिरव्या चौकोनावर चिकटवलं. तेही एकमताने मंजूर झालं. तो चौकोन म्हणजे निवृत्तीनंतर बंगला बांधायला तुम्ही घेऊन ठेवलेला प्लॉट, हे मला घरी आल्यावर हिने सांगितलं.

ता. क. दुसरा. तुम्हाला नगरपालिकेची नोटीस येईल. कृपा करून हरकत घेऊ नका. तुम्ही हरकत घेतलीत, तर ते परत आमच्यावर येतं. बदल्यात दुसरी जागा देणार आहेत. ती जरा लांब आहे, पण तुम्हाला शांतता आवडते.

ता. क. तिसरा. जागा देणाऱ्याचं नाव इमारतीला द्यायची पद्धत आहे. मी लगेच होकार कळवला. पाटी रंगवून तयार आहे, तुमचं पूर्ण नाव, आजोबांच्या नावासकट. खाली एका बाजूला 'पुरुष' आहे, एका बाजूला 'स्त्रिया'. उद्घाटनाला मामींनाही घेऊन यावं.