बूट काढून एकशे त्रेसष्ट

शनिवार, ४ ऑक्टोबर
आज किल्ल्या मिळाल्या. थर्लबीच्या कालव्याकाठी विटांची सात घरं एका रांगेत आहेत. त्यातलं शेवटचं, कालव्याचं पाणी अडवणाऱ्या पाणफाटकाला लागून असलेलं, आता माझं. सहावं घर मागच्या उन्हाळ्यात पावणेतीन लाख पौंडांना गेलं. मला हे एक लाख दहा हजारांत मिळालं. सहा वर्षांची शिल्लक यात गेली. घरांची तपासणी हाच माझा पेशा, म्हणून इथलीही मीच केली. भिंती कोरड्या, पाया सरळ, कौलं शाबूत. इतक्या स्वस्ताईचं कारण सापडलं नाही. तेव्हा कारण नसेलच, असं धरलं.

संध्याकाळी सहाव्या घरातल्या विनिफ्रेड कटल सफरचंदाचा केक घेऊन आल्या. केक थंड झाला तरी चालेल, पण रीत चुकायला नको, म्हणाल्या आणि मला पाणफाटकाच्या लाकडी खांबापाशी घेऊन गेल्या. नव्या माणसाची उंची तिथे चाकूने कोरतात. अख्खी रांग जमली होती. एकशे सहासष्ट सेंटिमीटरवर चाकू टेकला तेव्हा मीच थांबवलं, कारण माझ्या पायात बूट होते. काढले. बूट काढून एकशे त्रेसष्ट. “या खेपेला काटेकोर बाई मिळाली हो!” असं तिसऱ्या घरातले म्हातारे अँब्रोज म्हणाले. सगळे हसले. मीही.

रविवार, १२ ऑक्टोबर
बैठकीच्या भिंतीला तळापासून नऊ सेंटिमीटर ओल. पेन्सिलने रेघ मारून तारीख घातली. जमिनीतून चढणारी ओल वेडीवाकडी असते; हिची कड पाणसळ लावल्यासारखी सपाट आहे. माझे मोजे ओले झाले. फरशी कोरडी होती.

शनिवार, १८ ऑक्टोबर
एक्केचाळीस. विजार गुडघ्याखाली भिजते. बदलली की पुन्हा तेवढीच. पबमध्ये अँब्रोजना ओलीबद्दल विचारलं. ते म्हणाले, रांगेत एक घर ओलं असतं म्हणून बाकीची सहा कोरडी राहतात; भाव उगाच टिकलेत का, पोरी? ते पाण्याच्या निचऱ्याबद्दल बोलत असावेत.

भिंतीवरचा कागद सोलला. खाली पेन्सिलच्या रेघा आणि तारखा. तीन वेगवेगळी अक्षरं. माझ्याआधीचे तीन मालक.

सोमवार, २० ऑक्टोबर
सत्तावन्न. त्या तिघांच्या शेवटच्या रेघा १५८, १४१ आणि १५३ वर आहेत. खांबावरच्या त्यांच्या खाचा १७५, १५७, १६९. फरक सतरा, सोळा, सोळा. याचा अर्थ लागेना. मग आरशासमोर टेप धरली. डोक्यापासून ओठांपर्यंत सतरा.

माझे ओठ एकशे सेहेचाळीसवर आहेत.

गुरुवार, २३ ऑक्टोबर
बहिणीकडे, बर्मिंगहॅमला गेले. तिसरा मजला. झोपायच्या खोलीत तीच सपाट कड, एकोणऐंशीवर. तिला वाटलं, वरच्या मजल्यावरचा नळ गळतोय. तिच्या भिंती खराब व्हायला नकोत म्हणून परतले.

रविवार, २६ ऑक्टोबर
अठ्ठ्याण्णव. विनिफ्रेडबाईंना सरळ विचारलं. त्या बदकांना दाणे टाकत होत्या. नाकारलं नाही. घर विक, म्हणाल्या. कागद नंतर होतील. घेणारा खांबाला टेकला, तू खाच पाडलीस, की ओल त्याची. “भाव पाड. कुणीतरी येतंच. तू नाही का आलीस?”

नव्वद हजारांची पाटी लावली.

बुधवार, २९ ऑक्टोबर
रोवन नावाचा मुलगा घर बघायला आला. दवाखान्यात परिचारक आहे, हे त्याचं पहिलंच घर. दहा मिनिटांत हो म्हणाला. मी याच कामातली, मग वेगळी तपासणी कशाला, असं त्याचं म्हणणं. रांग जमली. केक आला. विनिफ्रेडबाईंनी माझ्या हातात चाकू दिला. रोवन खांबाला पाठ लावून उभा राहिला आणि हसत हसत स्वतःच बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

मी त्याला राहू दे म्हटलं. आत नेऊन भिंत दाखवली, आकडे वाचून दाखवले. तो निघून गेला.

केक कुणी खाल्ला नाही. आता तुझं तू बघ, एवढंच विनिफ्रेडबाई म्हणाल्या.

शनिवार, १ नोव्हेंबर
एकशे सव्वीस. छातीवर दाब. काल पटाशीने खांबावरची माझी खाच तासून काढली. आज ती जागच्या जागी — ताजी, स्वच्छ.

रविवार, २ नोव्हेंबर
१३४. खुर्चीवर चढले. भिंतीवरची कडही चढली. बाहेर सहाही घरांच्या धुराड्यांतून धूर. कोरडी लाकडं.

सोमवार, ३ नोव्हेंबर
१४१. जिभेवर कालव्याचा गाळ. फोनवर बहिणीला सांगायला गेले — आवाज —

मंगळवार
१४५. हनुवटी —
बूट. मोजताना बूट काढले होते. ते हिशेबात नाहीत. तीन सेंटिमीटर —

घातले. नाड्या आवळल्या. ओठ आता १४९.
ओल १४६. थांबली. थांबली आहे. मोजून पाहिलं, दोनदा —
बूट आतून भर—