पाटाच्या फोटोतला हात

सोमवार, ९ मार्च

तीर्थरूप बाबांना नमस्कार.

तुमचं पत्र परवा मिळालं. आईचा गुडघा आता बरा आहे. फ्रेमच्या दुकानात फोटोभोवती बसवायचे पुठ्ठे कापायचं सगळं काम मालकांनी माझ्याकडे दिलंय. "अक्षर बरं, हात सरळ. शाळा गेली चुलीत," म्हणतात.

गावाच्या इतिहासाचं प्रदर्शन जुन्या डेअरीत भरलंय. नांगर, दुधाची मापं, पोत्यांवर मारायचे शिक्के आणि फोटो. शहर आता इतकं जवळ आलंय की नव्या बिल्डिंगमधले लोक विचारतात, "इथे खरंच शेती होती?" फोटोंखालच्या चिठ्ठ्या मीच लिहिल्या. एकेक शब्द दोनदा तपासला.

पाट खणतानाचा फोटो लावलाय का आणि रविवारी आलो तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मी अजून इकडचं तिकडचंच लिहितोय.

फोटो लावलाय. तुम्ही त्यात दिसत नाही.

समितीचे अध्यक्ष म्हणजे आपले गिरणीवाले काका. फोटो देताना म्हणाले, "तो कडेचा झाकला तर बरं. उगाच लोकांची तोंडं सुटतात." पाटाचं तोंड आपल्या रानात होतं, तुम्ही जमीन पहिली विकलीत, बिल्डरने पाट बुजवला, खालची रानं सुकली, म्हणून गावानं तुम्हाला बोल लावले आणि तुम्ही आत्याकडे गेलात. पण पुढे काकांनीही विकलीच. हे माझ्या तोंडाशी आलं होतं. मी "बरं काका" म्हणालो आणि डावीकडचा पुठ्ठा रुंद ठेवला. काम इतकं सफाईदार झालं की मालकांनी पाठ थोपटली.

तुमचा हात मात्र राहिला. तो गिरणीवाल्या काकांच्याच खांद्यावर आहे. झाकायचा तर त्यांचाही खांदा गेला असता.

काल एका बाईंनी विचारलं, "हा हात कोणाचा?"

"असेल कोणाचा तरी," काका म्हणाले.

बाई माझ्याकडे वळल्या. मीही तेच म्हणालो. "असेल कोणाचा तरी."

आई मागेच उभी होती. घरी आल्यावर ताट वाढताना एवढंच म्हणाली, "तो पाट खणताना त्या हाताची सालटी निघाली होती. मी हळद लावायचे."



आज दुसरा पुठ्ठा कापला, अरुंद. नवी चिठ्ठीही लिहिली. समितीला विचारलेलं नाही, विचारलं तर माझ्या तोंडून पुन्हा "बरं काका"च निघेल. रविवारी दार उघडायच्या आधी मी फ्रेम बदलणार आहे. कदाचित ते काढायला लावतील. दुकानातही बोलणी बसतील.

एवढं वाचूनही यावंसं वाटलं, तर या. मी बसथांब्यावर घ्यायला येईन. मागच्या वेळी बाजारातून चार पावलं मागे राहून चाललो होतो, ते तुमच्या लक्षात आलं होतं, मला माहीत आहे. या वेळी बरोबरीनं चालेन.

आत्याला नमस्कार सांगा.

नव्या चिठ्ठीत लिहिलंय तसा,
डावीकडून पहिल्या माणसाचा मुलगा