भुताटकी राईडचा गाईड

२ नोव्हेंबर, रविवार
लातूरच्या सायकल ग्रुपात आज नाव घातलं. कॅप्टन गीतांजली मॅडम, कोचिंग क्लासला बायोलॉजी शिकवतात. दोन आठवड्यांनी रात्रीची भुताटकी राईड आहे. गावातली भुताखेतांची ठिकाणं सायकलवरून हिंडायची, प्रत्येकाने एकेक गोष्ट सांगायची. ज्याची गोष्ट सगळ्यात भारी तो ग्रुपचा कायमचा गाईड. म्हणजे मीच. दुसरा आहे कोण?
घरी सांगितलं. रुद्राणी म्हणाली, अहो, आपल्या लिंगायतांत माणूस मेला की लिंगैक्य होतो, शिवात मिसळतो, भूत होत न्हाई. म्हटलं, दुसऱ्यांच्यात होतात ना! ती दाखवीन. बायकोला कौतुक करता येत नाही, हा जुनाच प्रॉब्लेम.

३ नोव्हेंबर
दुकानात निवांत. लगीनसराई लागायचीय अजून. लोक म्हणतात 'शिवशंकर सूटिंग-शर्टिंग' आता चालत नाही. वडिलांनी नाव कमावलेलं दुकान आहे, रेडिमेडचं फॅड काय, चार दिवसांचं. शोकेसमधल्या पुतळ्याचा सफारी झटकला. खांद्यावर विरलाय, पण लाईट लावला नाही की दिसत नाही.
निश्चय: रोज पहाटे सायकलवर दहा किलोमीटर. उद्यापासून.

५ नोव्हेंबर
उद्यापासूनच. गुडघा.
गोष्ट मात्र तयार. रेणापूर रस्त्यावरची बंद डाळमिल, तिथे बिनमुंडक्याचा निजामाचा जमादार तूर भरडत बसतो. जमादार मी रचलाय. डाळमिल खरी आहे.

९ नोव्हेंबर, रविवार
ट्रायल राईड. रेणापूर नाक्याअलीकडे चेन पडली. मेडिकलवाला सोमेश सगळ्यांसमोर म्हणाला, अप्पा, चेन जागेवरच हाय, तुम्हीच पडले. लई टवाळ माणूस. त्याच्याकडून यापुढे गोळ्या घेणार नाही.
सायकल ऑटोत घालून आणली. ऑटोवाल्याला रस्ता मीच दाखवला. गाईडपणा रक्तात असावा लागतो.

११ नोव्हेंबर
मॅडम स्वतः दुकानात आल्या! दुकान कधीचं, शेवटचं गिऱ्हाईक कधी आलं, दिवसभर एकटेच बसता का, संध्याकाळी लाईट का लावत नाही, सगळं बारीक विचारत होत्या. पुतळ्याचे फोटो काढले. एक माझा, पुतळ्याशेजारी. गाईडची ओळख करून द्यायची तर माहिती लागणारच. कापड घेतलं नाही, घाईत होत्या.
इथे लिहायला काय लाज? हे गाईडपद मला पाहिजेच. घरात मी तोंड उघडलं की टीव्हीचा आवाज वाढतो. एकदा तरी चार माणसांनी थांबून माझं ऐकावं. बास, एवढंच.

१४ नोव्हेंबर
रुद्राणी आणि मॅडमची फोनवर गट्टी जमलीय. खिदळणं चालू. मी खोलीत गेलो की दोघी गप्प. माझ्या सत्काराचं ठरतंय, दुसरं काय! शाल विकत आणू नका म्हणावं, आपल्याकडे पडून आहेत.

१६ नोव्हेंबर, रविवार
नाक्याआधीच पोटरीत गोळा आला. मॅडम म्हणाल्या, अप्पा, तुम्ही मागे फिरा, शेवटचा स्टॉप सरप्राईज आहे. जमादाराची गोष्ट रस्त्यातच सुरू केली, तर सगळे पुढे निघून गेले.
घरी जाऊन टोमणे कोण खाणार? सायकल ढकलत दुकानात आलो. लाईट लावला नाही. शोकेसमध्ये पुतळ्याला धरून पोटरी चोळत होतो, तोच बाहेर घंट्या. अख्खा ग्रुप काचेपुढे. मधोमध स्कूटीवर रुद्राणी!
आणि गोष्ट ती सांगत होती. हे दुकान कधीच मेलंय, मालकाला अजून कुणी सांगितलं न्हाई. आत दोन पुतळे हायेत, त्यातला एक जेवतो. दुपारी मी डबा पाठवते. डबा रिकामा आला की समजायचं, हाय अजून.
लोक हसले, टाळ्या वाजवल्या. सगळे थांबून ऐकत होते. जीव जळाला माझा.
सोमेशने टॉर्च मारला. मी ताठ उभा राहिलो, श्वास कोंडून. सोमेश म्हणाला, वहिनी, दुसरा पुतळा बी आणून ठेवला की! पहिल्यापेक्षा जुना दिसून राहिला.
रुद्राणीने काचेला नाक लावलं. सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. मग म्हणाली, हाव, जुनाच हाय.
गाईड म्हणून तिचीच निवड. कुणाची हरकत आहे का, असं मॅडमनी विचारलं. मी कसा बोलणार?

१७ नोव्हेंबर
रुद्राणीने मला ओळखलं नसणार. अंधार होता. सकाळी फक्त विचारलं, पोटरी कशी हाय. पोटरीचं मी सांगितलं नव्हतं. मॅडम बोलल्या असतील.
दुकानात आज गर्दी! सगळ्यांनी फोटो काढले, कापडाचं कुणी विचारलं नाही. एका बाईला या, बसा म्हटलं, तर किंचाळून पळाली.
दुपारी मॅडमचा मेसेज. पुढच्या रविवारी पुन्हा राईड आहे, लाईट लावू नका, कालच्यासारखंच उभे राहा. आपल्यात भूत होत नाही, हे त्यांना एकदा नीट समजावून सांगायला पाहिजे. तूर्त अंगठा पाठवला.
निश्चय: रोज थोडा वेळ अजिबात न हलता उभं राहायचं. हे उद्यावर टाकलं नाही, आजच केलं. पहिल्या झटक्यात जमलं.