बारवेतल्या वीराचं नाक

३ जानेवारी १९९९, रविवार
शुक्रवारी परदेशी विद्यार्थी पिंपळवंडीत येणार. जुन्या वास्तू कशा जपायच्या ते शिकायला. आपल्या बारवेवर दोन आठवडे काम. दुभाषा मी. हायस्कूलला इंग्रजी शिकवतो, दुसरं आहेच कोण? त्यांचे मार्टिन सर फोनवर म्हणाले, जमलं तर पुढच्या वर्षी मलाही तिकडे बोलावतील. म्हणजे बोलावणारच. पासपोर्टच्या फोटोसाठी मेव्हण्याचा कोट मागवला.
संकल्प: घरात फक्त इंग्रजी. बायकोला 'टी प्लीज' म्हणालो. अक्षदा म्हणाली, चहा हवा असेल तर नीट सांगा.

५ जानेवारी
बारव बघून आलो. कोनाड्यातला वीरगळ तेलाने काळाकुट्ट. दगडात कोरलेला, लढाईत पडलेला कुणी वीर, ठमाबाईच्या सासरचा पूर्वज म्हणतात. गुडघे दुखत असले तरी म्हातारी दर अवसेला येऊन तेल लावते. पाहुण्यांना हे दाखवायचं? मंत्री येणार म्हटलं की शाळेलासुद्धा रंग लागतो. गोरख पेंटरला गाठलं. तो म्हणाला, तेलावर रंग धरणार नाही. म्हटलं, मग तारेच्या ब्रशने घास. डोकं चालवलं की सगळं होतं.

७ जानेवारी
वीर झळकतोय. अंग गुलाबी, फेटा लाल, घोडा निळा. डोळे आणि मिशा गोरखने स्वतःच्या मनाने काढल्या. ऑइल पेंट, आता वीस वर्षं बघायला नको. अक्षदा म्हणाली, ठमाबाईला आधी विचारायचं होतं. हिला प्रत्येक गोष्टीत कुणाला तरी विचारायचं असतं.

८ जानेवारी
आले. मार्टिन सर वीरगळासमोर बराच वेळ गप्प उभे. भारावले असावेत. रंग किती जुना, असं त्यांनी विचारलं. 'व्हेरी ओल्ड. ट्रॅडिशन,' मी म्हणालो. हॅना नावाच्या मुलीने लिहून घेतलं. मग बोट लावून पाहिलं. बोट गुलाबी झालं. थंडीत वाळायला वेळ लागतो.

११ जानेवारी
बाकी काम बाजूला, आधी रंग उतरवायचा असं ठरलं. हॅना मऊ ब्रश आणि कापूस घेऊन दिवसभर उकिडवी बसलेली असते. एका अर्थी त्यांना शिकायला काहीतरी मिळालं ते माझ्यामुळेच.

१५ जानेवारी
रंग उतरला. खाली चेहरा नाही. नाक नाही, ओठ नाहीत, सपाट दगड. तारेचा ब्रश. मी वारा-पावसाचं कारण सांगितलं. कोट आला. बाह्या आखूड आहेत.

१७ जानेवारी, अमावस्या
ठमाबाई तेलाची वाटी घेऊन आली. दगडावरून हात फिरवला. परत फिरवला.
"नाक व्हतं हितं," ती म्हणाली. मग तिला हॅनाच्या हातातला ब्रश दिसला. "घासून घासून नेलंस व्हय गं पोरी?"
हॅनाने मला विचारलं, आजी काय म्हणतात? मी म्हणालो, 'शी इज हॅपी.' हॅना हसली. ते हसणं ठमाबाईने पाहिलं आणि तेल न लावताच ती घरी गेली. उद्या खरं सांगतो.

१९ जानेवारी
गावभर झालं, गोऱ्यांनी वीराचं नाक घालवलं. काल बारवेवर बायका हॅनाला बघून घागरी उचलून निघून गेल्या. सांगणारच होतो. पण तीन दिवसांनी मंडळी जाणारच आहेत, आता कशाला घोळ?

२२ जानेवारी
गेले. गाडीत बसताना हॅनाने विचारलं, आमचं काय चुकलं? जे चुकलं असेल त्याबद्दल आजींना सॉरी सांगा. तिचे डोळे भरले होते. प्रश्न सोपा होता, आठवीच्या पोरालाही कळला असता. मी 'हॅपी जर्नी' म्हणालो. पुढच्या वर्षाचा विषय मार्टिन सरांनी काढला नाही. मीही नाही.

१ फेब्रुवारी
फोटो न काढताच कोट परत केला. अक्षदाला सगळं सांगितलं. तेव्हापासून ती बोलत नाही. मराठीतही नाही. वर्गात पोरांकडून 'आय अ‍ॅम सॉरी' वदवून घेताना मध्येच थांबलो. स्वतःची फार लाज वाटते.

१६ फेब्रुवारी, अमावस्या
सकाळीच बारवेवर जाऊन बसलो. ठमाबाई आली, भिंतीला धरून पायऱ्या उतरली. सगळं सांगून टाकलं. गोरखला घासायला मी सांगितलं. पोरीने नाकाला हातही लावला नव्हता. तुम्ही काय बोललात ते मी तिला कळू दिलं नाही. आणि जाताना ती तुमची माफी मागून गेली.
ठमाबाई पायरीवर टेकली. मग म्हणाली, "न्हाई ते बोलले मी त्या पोरीला. आता तिला कोन सांगनार?"
मी सांगतो, म्हणालो. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग वाटी माझ्या हातात दिली. म्हणाली, माझे गुडघे दुखतात, लाव तूच.
मी कधी लावलं नव्हतं. सुरुवात कुठून करायची, असं विचारलं.
"आमी नाकापास्नं करायचो," ठमाबाई म्हणाली.